जागत्या माणसांचे गाव

नकाशावर शोधू गेल्यास न्योर्डलिंगेन हा एक लहानसा ठिपका आहे. दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया राज्याच्या पश्चिम सीमेलगत, डॅन्यूब नदीच्या उत्तरेस हे गाव वसलेले आहे. त्याची लोकसंख्या सुमारे २० हजार. म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढी. येथे कोणा सम्राटाची राजधानी नव्हती, की जगाचे नाक म्हणावे असे बंदर नव्हते. तरीही इतिहासाचे अभ्यासक, भूगर्भाचे संशोधक आणि एकदा तर चंद्रावर जाण्याची तयारी करणारे अंतराळवीरही या गावाची वाट शोधीत आले. एवढ्याशा गावात असे काय आहे, हे जाणून घेण्यासारखे आहे.

ज्या मैदानात हे गाव उभे आहे, त्याला रीस असे म्हणतात. हे मैदान मोठे विलक्षण आहे. ते जवळजवळ गोल आहे. सुमारे २५ किलोमीटर रुंदीची एखादी प्रचंड परात जमिनीत पुरून ठेवावी आणि तिचा काठ तेवढा वर राहावा, तसे त्याचे रूप दिसते. परातीच्या काठासारख्या टेकड्या सभोवार पसरलेल्या, आणि मधली भूमी सपाट, काळसर व सुपीक. या परातीत, नैर्ऋत्येच्या अंगाला, एखादी वाटी ठेवावी तसे न्योर्डलिंगेन गाव आहे. कारण तेही गोलच आहे. गावाभोवती गोल तट, तटाच्या आत लाल कौलारू घरांची दाटी, आणि मध्यभागी आकाशात चढलेला चर्चचा उंच मनोरा. मनोऱ्यावरून खाली पाहणाऱ्याला गावातील रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यातून निघून तटाच्या दरवाजांकडे जाताना दिसतात.

या गावाचा लेखी उल्लेख प्रथम इ. स. ८९८ मधील एका कागदात सापडतो. पुढे १२१५ साली ते साम्राज्याचे स्वतंत्र नगर झाले. स्वतंत्र नगर म्हणजे काय? त्या काळी जर्मनीचा प्रदेश लहानमोठ्या सरदारांत आणि धर्माधिकाऱ्यांत वाटला गेला होता. बहुतेक गावे कोणा ना कोणा सरदाराच्या अमलाखाली असत. स्वतंत्र नगराचे तसे नव्हते. ते केवळ सम्राटाला बांधलेले असे. बाकी कारभार, न्यायनिवाडा, करवसुली आणि गावाचे रक्षण ही सर्व कामे गावची सभाच पाहत असे. हा मान मोठा होता, आणि त्याबरोबर येणारी जबाबदारीही तेवढीच मोठी होती.

व्यापारी मार्गांवर असल्यामुळे गावाची भरभराट झाली. १२१९ सालापासून तेथील वार्षिक जत्रेचा उल्लेख आढळतो. ख्रिस्ती लोकांच्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास ही जत्रा भरे व दूरदूरचे व्यापारी माल घेऊन येत. लोकरीचे जाड कापड विणणारे विणकर आणि कातडी कमावणारे कारागीर हे गावाचे खरे धनी. एगर नावाची लहानशी नदी गावातून वाहते. तिच्या काठी कातडी कमावणाऱ्यांची जुनी घरे अजून उभी आहेत. त्यांच्या छपरांखाली हवेशीर माळे काढलेले असत. धुतलेली कातडी तेथे वाऱ्यावर वाळत घालीत. अशा कष्टांतून गावात पैसा आला आणि पैशामागून भयही आले. ज्याच्या घरी काही आहे, त्यालाच दाराला कडी लावावी लागते.

१२३८ साली मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळाला. तरीही गाव पुन्हा उभे राहिले, इतकेच नव्हे तर पहिल्या तटात मावेनासे झाले. १३२७ साली सम्राट लुडविग याच्या आज्ञेवरून नवा, अधिक मोठा तट बांधण्यास आरंभ झाला. जुना तट जेथे होता, तेथे आज गोल रस्ता आहे. आणि नवा तट अद्याप अभंग उभा आहे. त्याची लांबी सुमारे २.७ किलोमीटर. त्याला पाच दरवाजे आहेत आणि अनेक बुरूज आहेत. दरवाजांतून निघणारी वाट ज्या खेड्याकडे जाते, त्याच खेड्याचे नाव बहुतेक दरवाजांना दिलेले आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा एक दरवाजा जसा दिल्ली दरवाजा म्हणून ओळखला जातो, तशीच ही रीत. तटाच्या माथ्यावर आतील बाजूने छप्पर घातलेली वाट आहे. त्या वाटेने निघालेला माणूस पायऱ्या न उतरता संपूर्ण गावाला प्रदक्षिणा घालून निघाल्या जागी परत येऊ शकतो. असा पूर्ण तट, आणि तोही सबंध चालत जाता येईल असा, जर्मनीत अन्यत्र पाहावयास मिळत नाही.

गावाच्या मध्यभागी संत जॉर्जचे चर्च आहे. त्याचे बांधकाम १४२७ साली सुरू झाले आणि १५०५ साली पुरे झाले. म्हणजे आजोबांनी पाहिलेला पाया आणि नातवाने पाहिलेला कळस. त्याच्या मनोऱ्याची उंची ९० मीटर आहे. गावकरी त्याला लाडाने ‘दानिएल’ म्हणतात. सुमारे साडेतीनशे पायऱ्या चढून वर गेले की रखवालदाराची खोली लागते.

महाराष्ट्रातील खेड्यांत पूर्वी जागल्या असे. गाव झोपले की तो जागा राही व रात्री गस्त घाली. न्योर्डलिंगेनच्या मनोऱ्यावरील रखवालदार हा त्याचाच परदेशी भाऊबंद म्हटला पाहिजे. कोठे धूर दिसतो काय, दूरच्या वाटेवर शस्त्रे चमकतात काय, हे पाहणे आणि तसे काही दिसताच गावाला इशारा देणे, हे त्याचे काम. लाकडी माळ्यांच्या आणि दाटीवाटीच्या घरांच्या गावात एक ठिणगीही पुरे होई. शतकानुशतके मनोऱ्यावर असा एक मनुष्य जागा राहिला आहे. आज गावाला ना शत्रूचे भय आहे, ना आगीसाठी मनोऱ्यावरच्या डोळ्यांची गरज. तरीही रात्री दहा वाजल्यापासून बारा वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरून रखवालदाराची हाक ऐकू येते : ‘‘सो, ग्झेल, सो!’’ ‘असेच रे गड्या, असेच!’ असा काहीसा तिचा अर्थ. पूर्वी निरनिराळ्या ठिकाणचे पहारेकरी एकमेकांना साद घालीत व आपण जागे असल्याची खात्री पटवीत. त्या रिवाजातूनच ही हाक उरली असावी.

गावकऱ्यांना मात्र या हाकेची याहून रंगतदार कथा ठाऊक आहे. ती १४४० सालची. शेजारच्या ओटिंगेनच्या सरदाराला हे संपन्न गाव हवे होते. तट चढून जाणे कठीण, म्हणून त्याने दोघा द्वाररक्षकांना पैसे चारले. ठरलेल्या रात्री लोप्सिंगेन दरवाजा नुसता लोटून ठेवायचा, अडसर घालायचा नाही, असा बेत झाला. त्या रात्री एका विणकराची बायको नवऱ्यासाठी बीअर आणावयास बाहेर पडली होती. वाटेत तिला एक डुकरीण दरवाजाला अंग घाशीत असलेली दिसली. तिच्या घासण्याने दरवाजाची फळी हलत होती! बंद दरवाजा हलेल कसा? त्या बाईच्या मनात लख्ख प्रकाश पडला. डुकरिणीला उद्देशून तिने जे उद्गार काढले, तेच पुढे रखवालदाराची हाक झाले, असे लोक सांगतात. तिने आरडाओरडा केला, गाव जागे झाले आणि दरवाजाला अडसर बसला.

डुकरिणीची ही गोष्ट दंतकथा असेल. परंतु द्वाररक्षकांनी केलेला द्रोह मात्र खरा होता. त्याबद्दल त्यांना देहान्ताचे शासन झाले. या प्रसंगी तट पुरेसा उंच होता, दरवाजे पुरेसे भक्कम होते आणि मनोऱ्यावर रखवालदारही होता. त्या सर्वांची नजर बाहेर होती. धोका मात्र आतून आला. दंतकथेने गाव वाचविण्याचा मान कोणा सेनापतीला दिलेला नाही. रात्रीच्या वेळी घरच्या कामासाठी निघालेल्या आणि हलणाऱ्या फळीकडे दुर्लक्ष न करणाऱ्या एका साध्या बाईला तो दिला आहे. लोकांनी ही कथा सहाशे वर्षांच्या सुमारास जिवापाड जपली, यातच त्यांचे शहाणपण दिसून येते.

असाच आतला शत्रू पुढे दीडशे वर्षांनी या गावात पुन्हा शिरला. या वेळी तो लाच घेऊन आला नाही. तो संशयाच्या रूपाने आला. त्या काळी युरोपात अनेक ठिकाणी चेटकिणींचे भय पसरले होते. पीक बुडाले, गुरे मेली, मूल दगावले, की कोणा स्त्रीने चेटूक केले असे मानीत. न्योर्डलिंगेनच्या सभेने १५८९ सालापासून असे खटले चालविण्यास आरंभ केला. पकडलेल्या स्त्रीचा छळ करावयाचा. छळ असह्य होऊन तिने ‘होय, मी चेटकीण’ असे म्हटले, की तिच्याकडून आणखी दोघी-चौघींची नावे वदवून घ्यावयाची. आणि मग त्यांना पकडावयाचे. अशा रीतीने १५९८ सालापर्यंत ३४ स्त्रिया आणि एक पुरुष यांना जाळण्यात आले. त्यांत गरीब होत्या, तशा गावच्या मान्यवरांच्या घरच्याही होत्या. रेबेक्का लेम्प ही गावाच्या खजिनदाराची पत्नी. १५९० साली तिला पकडले, तेव्हा तिने तुरुंगातून पतीला पत्रे लिहून आपण निर्दोष असल्याचे कळविले. तिच्या मुलांनीही आईला पत्र लिहिले. ती पत्रे आजही वाचावयास मिळतात. पण रेबेक्का वाचली नाही.

१५९३ सालच्या नोव्हेंबरात मारिया होल हिला पकडण्यात आले. ही बाई मूळची उल्म शहराकडची. पतीसह न्योर्डलिंगेनमध्ये ‘क्राउन’ नावाची खानावळ चालवीत होती. ‘मी चेटकीण आहे’ एवढे म्हणण्यासाठी तिचा साठांहून अधिक वेळा छळ करण्यात आला, असे सांगतात. ती तसे म्हणाली नाही. तिने दुसऱ्या कोणा स्त्रीचे नावही जिभेवर येऊ दिले नाही. तिच्या मुखातून एक नाव निघाले असते, तर आणखी एका घराचे दार रात्री वाजले असते. तिच्या मौनापाशी ती साखळी तुटली. उल्मच्या कारभाऱ्यांनीही तिच्यासाठी शब्द टाकला. अखेर सभेला हार मानावी लागली. १५९४ सालच्या ऑक्टोबरात, म्हणजे जवळजवळ वर्षभराने, तिला सोडून द्यावे लागले. तिच्या सुटकेनंतर या खटल्यांवरील लोकांचा विश्वास डळमळला आणि थोड्याच वर्षांत ते बंद पडले. मारिया होल त्यानंतर चाळीस वर्षे जगली. जे न्यायाधीश तिला दोषी ठरवू पाहत होते, त्यांची नावे आज गावात कोणी कौतुकाने घेत नाही. मारिया होलच्या नावाचे कारंजे मात्र गावात आहे.

ज्या वर्षी मारिया होल वारली, त्याच १६३४ साली गावावर तिसरे संकट आले. या वेळी शत्रू बाहेरचाच होता आणि तो अफाट होता. मध्य युरोपात १६१८ सालापासून एक भीषण युद्ध चालू होते. धर्माच्या वादातून पेटलेले आणि राजांच्या महत्त्वाकांक्षेने वाढलेले हे युद्ध १६४८ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे चालले. म्हणून इतिहासात ते ‘तीस वर्षांचे युद्ध’ या नावानेच ओळखले जाते. न्योर्डलिंगेन प्रॉटेस्टंट पक्षाचे होते आणि तेथे स्वीडनच्या सैन्याची शिबंदी होती. सम्राटाच्या फौजांनी गावाला वेढा घातला. तटाच्या आत आसऱ्याला आलेल्या खेडुतांची गर्दी झाली, धान्य संपत आले आणि रोगराई पसरली. वेढा उठविण्यासाठी स्वीडिश सेनापती होर्न आणि सॅक्स-वायमारचा बर्नहार्ड हे सैन्य घेऊन आले. ६ सप्टेंबर १६३४ रोजी गावाजवळच्या टेकड्यांवर निकराची लढाई झाली. सम्राटाच्या बाजूने स्पेनचे कसलेले सैन्य लढत होते. स्वीडिश पक्षाचा दारुण पराभव झाला, होर्न कैद झाला आणि गावाला शरण जावे लागले. युरोपच्या इतिहासात ही एक निर्णायक लढाई गणली जाते. गावाच्या इतिहासात मात्र तिची आठवण निराळी आहे. वेढा, उपासमार आणि रोगराई यांमुळे त्या काळात गावातील निम्मी माणसे नाहीशी झाली.

या तडाख्यातून गाव पुरते सावरले नाही. व्यापाराच्या वाटा बदलल्या, जत्रेचे तेज ओसरले. १८०३ च्या सुमारास त्याचे स्वतंत्र नगराचे पदही गेले आणि ते बव्हेरियात सामील झाले. गावाच्या दृष्टीने हा उतरता काळ होता. परंतु या उतरत्या काळाने एक उपकार नकळत केला. श्रीमंत शहरांनी जुने तट पाडले, खंदक बुजविले आणि त्या जागी रुंद रस्ते व नव्या इमारती उभारल्या. न्योर्डलिंगेनपाशी एवढा पैसा नव्हता. दगड काढून नेण्यास येथेही आरंभ झाला होता. पण बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने तट राखण्याची आज्ञा दिली आणि तो बचावला. आज जो तट पाहावयास लोक दूरदेशींहून येतात, तो असा गरिबीच्या ओटीत सुखरूप राहिला.

गावाचा वारसा सांगताना आणखी एक गोष्ट वगळून चालणार नाही. तटाच्या आतच राहणाऱ्या, याच गावाला आपले म्हणणाऱ्या ज्यू लोकांवर या गावाने मध्ययुगातही अन्याय केला होता आणि त्यांना हाकलून लावले होते. एकोणिसाव्या शतकात ती कुटुंबे पुन्हा येथे येऊन राहिली; त्यांनी आपले प्रार्थनामंदिर बांधले. विसाव्या शतकात जर्मनीत हिटलरची राजवट आली, आणि १९४२ साली येथे उरलेल्या ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे नेण्यात आले. त्या दिवसांतही तट उभाच होता आणि मनोराही. परंतु शेजाऱ्याच्या दारावर पडलेली थाप ऐकून सर्व गाव जागे होईल, असे या वेळी घडले नाही. ज्या गावाने डुकरिणीची कथा इतकी शतके सांगितली, त्याच गावात असे घडावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जाग ही तटासारखी एकदा बांधून ठेवता येत नाही; प्रत्येक पिढीला ती नव्याने यावी लागते.

येथवर माणसांचा इतिहास झाला. पण या गावाच्या पायाखाली त्याहून कितीतरी जुना इतिहास झोपलेला होता. संत जॉर्जचे चर्च ज्या दगडाचे आहे, तो करड्या रंगाचा असून त्यात काचेसारखे गडद तुकडे विखुरलेले दिसतात. त्याला सुएव्हाइट असे नाव आहे. हा दगड राखेतून घडल्यासारखा दिसतो. म्हणून रीसचे मैदान हे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख असावे, असे विद्वानांना दीर्घकाळ वाटत असे. काही अभ्यासकांनी आकाशातून कोसळलेल्या अशनीची शंका बोलून दाखविली होती. पण पुरावा नव्हता.

१९६० साली यूजीन शूमेकर नावाचा अमेरिकन भूवैज्ञानिक या मैदानात आला. त्याने एका खाणीतील सुएव्हाइटचे नमुने घेतले आणि ते एडवर्ड चाओ या आपल्या सहकाऱ्याकडे परीक्षणासाठी पाठविले. त्या दगडात कोएसाइट नावाचे खनिज सापडले. कोएसाइट म्हणजे आपल्या ओळखीच्या गारगोटीचेच एक रूप. पण ते केवळ अतिप्रचंड दाबाखाली बनते. ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही. अर्थ उघड होता. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक किलोमीटरहून अधिक रुंदीचा अशनी भयंकर वेगाने येथे आदळला होता. त्या आघाताने खडक वितळले, उडाले, चुरडले गेले आणि हे प्रचंड विवर निर्माण झाले. पुढे त्यात पाणी साठून सरोवर झाले, सरोवर गाळाने भरले आणि त्या गाळाची सुपीक जमीन झाली. परातीच्या आकाराचे कोडे अखेर सुटले.

त्याच आघाताच्या दाबाने खडकांतील ग्रॅफाइटचे, म्हणजे शिसपेन्सिलीत असते त्या काळ्या द्रव्याचे, बारीक हिरे झाले. हे हिरे इतके सूक्ष्म आहेत की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा दागिन्यासाठीही उपयोग नाही. परंतु ते चर्चच्या भिंतींत आहेत, मनोऱ्याच्या दगडांत आहेत. शेकडो वर्षे गावकरी हिऱ्यांच्या भिंतींना टेकून उन्हाला बसत होते आणि त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

चंद्राचा पृष्ठभाग अशाच आघातांच्या विवरांनी भरलेला आहे. तेथे उतरणाऱ्या माणसाला कोणता दगड उचलावा हे कळले पाहिजे. म्हणून १९७० साली ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल हे अमेरिकन अंतराळवीर आपल्या सहकाऱ्यांसह रीसच्या खाणींत दगडांची ओळख करून घेण्यासाठी आले. पुढच्याच वर्षी ते दोघे अपोलो १४ या यानातून चंद्रावर जाऊन आले. आज गावातील एका जुन्या कोठारात या विवराचे संग्रहालय आहे. १९९० साली ते सुरू झाले. चंद्रावरून आणलेला एक दगडही तेथे पाहावयास मिळतो.

रीसचे हे रहस्य महाराष्ट्रातील वाचकाला सर्वस्वी परके वाटू नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे गोल सरोवरही अशनीच्या आघातानेच निर्माण झाले आहे. ते रीसहून पुष्कळच लहान, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. पण काळ्या बेसॉल्ट खडकातील असे विवर जगात दुर्मीळ मानले जाते. त्यालाही बराच काळ ज्वालामुखीचे मुख समजत. विष्णूने लवणासुराचा वध केला ते हे स्थान, अशी कथा लोक सांगत आले. लोणारच्या काठी प्राचीन मंदिरे उभी राहिली, रीसमध्ये चर्च उभे राहिले. दोन्हीकडच्या माणसांनी आपल्या भूमीचे वेगळेपण ओळखले होते. त्याचे कारण मात्र विज्ञानाने पुढे सांगितले.

दर वर्षी मे महिन्यात न्योर्डलिंगेनमधील शाळकरी मुले एक सण साजरा करतात. हा सण शेकडो वर्षांचा जुना आहे. हिवाळा सरून वसंत आल्याच्या आनंदात मुलांची मिरवणूक निघते. मुलींच्या केसांत फुलांचे गजरे असतात, हातांत निशाणे व फुलांनी सजविलेल्या काठ्या असतात. गाणी म्हणत ही मुले गावातील रस्त्यांवरून जातात. ज्या गल्लीतून मारिया होलला नेले, ज्या दरवाजाची फळी त्या रात्री हलली, ज्या भिंतींत न दिसणारे हिरे आहेत, त्या सर्वांचे वारस म्हणजे ही मुले.

तट, मनोरा आणि चर्च हे सर्व त्यांना आयते मिळाले आहे. ते झिजले तर गवंडी पुन्हा चुना-दगड लावून दुरुस्त करू शकेल. परंतु हलणारी फळी पाहून थांबणारी नजर, खोटे बोलण्यापेक्षा यातना सोसणारे मन, शेजाऱ्यावरील अन्याय न विसरणारी स्मृती आणि नेहमीच्या दगडाकडेही नव्याने पाहणारी जिज्ञासा यांची दुरुस्ती कोणा गवंड्याला करता येत नाही. ती ज्याची त्यानेच करावयाची असते. न्योर्डलिंगेनच्या थोर माणसांनी ती आपापल्या वेळी केली, आणि जेव्हा कोणी ती केली नाही तेव्हा काय घडले, हेही या गावाच्या इतिहासात लिहिलेले आहे. जुने गाव पाहावयाचे ते त्याच्या तटासाठी आणि मनोऱ्यासाठी तर खरेच. पण या दोन्ही गोष्टी वाचण्यासाठीही पाहावयाचे.